ग्रीष्मांतील पुष्पवाटिका : वृक्षायुर्वेदाच्या पोथ्या व वऱ्हाडचें ऊन

वृक्षायुर्वेदाची एखादी पोथी हातीं आली म्हणजे संग्राहक तिचीं पत्रें मोजतो, पुष्पिका वाचतो, लेखनकाल ठरवितो आणि ती वेष्टनांत बांधून फडताळांत ठेवितो. हें सारें योग्यच आहे. परंतु पोथींत जें सांगितलें आहे तें करून पाहण्याजोगें आहे कीं नाहीं, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. ज्योतिषाचा ग्रंथ असेल तर त्यांतील ग्रहण आपण गणितानें ताडून पाहतों. शिल्पाचा असेल तर दोरी घेऊन देवळाचीं मापें घेतों. वृक्षायुर्वेदाच्या वांट्यास मात्र एक तर आंधळी स्तुति येते, नाहीं तर रमणीच्या लत्ताप्रहारानें अशोक फुलतो या कविसंकेताच्या निमित्तानें थट्टा येते. दोहोंपैकीं कशानेंहि ग्रंथ वाचल्यासारखा होत नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्हीं एकच बेताचा प्रश्न घेतला आहे. कडक उन्हाळ्यांत फुलझाडांची बाग जगवावी व फुलती ठेवावी कशी, याविषयीं आपल्या जुन्या ग्रंथांत काय मिळतें, आणि त्यांतील किती भाग आजच्या उन्हांत उभा राहतो?

प्रश्नाची जागा प्रथम सांगणें अवश्य आहे, कारण उन्हाळा सर्वत्र सारखा नसतो. आमची वाटिका वऱ्हाडांत आहे. वैशाख-ज्येष्ठांत पारा ४५ अंशांपलीकडे जाणें हें विदर्भांत आतां नवल राहिलेलें नाहीं. राजस्थानांतील फलोदी येथें १९ मे २०१६ रोजीं ५१ अंश उष्णता नोंदली गेली. त्या मानानें आम्ही सुखी म्हणावयाचे. सूर्य रोहिणी नक्षत्रांत शिरल्यावर, म्हणजे २५ मेच्या सुमारास, जे नऊ दिवस येतात त्यांस आमच्याकडे नवतपा म्हणतात, आणि बाग राहते कीं जाते याचा निकाल बहुधा त्याच दिवसांत लागतो. जमीन काळी, विहिरीचें पाणी तळाला गेलेलें, आणि दुपारचा वारा भट्टीच्या तोंडासारखा. अशा ठिकाणीं जें टिकेल तें पुण्या-साताऱ्याकडे सहज टिकेल. उलट तिकडे टिकलेलें येथें टिकेलच असें नाहीं. सुमारें ४० हात लांब व ३० हात रुंद अशा जागेंत गेलीं ११ वर्षें आम्ही ग्रंथांतील वचनें एकेक करून लावून पाहत आहों. खालील मजकूर त्या अनुभवावर लिहिला आहे.

आधारग्रंथ फार नाहींत. सर्वांत उपयोगी तो वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेदाध्याय. कर्न यांनीं कलकत्त्यास १८६५ त छापून पुरी केलेल्या प्रतींत तो ५५ वा आहे. सहाव्या शतकांतील हा लेखक बागेवर उणेपुरे तीसएक श्लोक लिहितो, पण त्यांत एक शब्द फुकट नाहीं. त्याच्या लगेच अगोदरचा अध्याय दकार्गलाचा, म्हणजे जमिनीखालील पाण्याच्या शिरा ओळखण्याचा आहे. आधीं पाणी, मग बाग, हा क्रम आम्हांस सहेतुक वाटतो. अग्निपुराणांतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायांत यांपैकीं कांहीं वचनें थोड्या फरकानें पुन्हां भेटतात. नंतर १३६३ त सिद्ध झालेल्या शार्ङ्गधरपद्धतींतील उपवनविनोद हें प्रकरण. पद्धति पीटर्सन यांनीं मुंबईस १८८८ त छापली, आणि उपवनविनोद गिरिजाप्रसन्न मजुमदार यांनीं इंग्रजी भाषांतरासह १९३५ त कलकत्त्याहून निराळा काढला. चौथा सुरपालाचा वृक्षायुर्वेद, ३२५ श्लोकांचा. याची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत होती. ती मिळवून नलिनी साधले यांच्या भाषांतरासह सिकंदराबाद येथें प्रसिद्ध झाली ती १९९६ त. इतका महत्त्वाचा ग्रंथ विसाव्या शतकाच्या अखेरीस छापून निघतो, तेव्हां आपल्या दप्तरांतील ‘किरकोळ वैद्यक’ असा शेरा मारलेल्या पत्रांकडे पुन्हां एकदां पाहण्यास हरकत नसावी.

परंतु उन्हाळी बागेचा पहिला धडा आम्हांला यांपैकीं कोणत्याहि ग्रंथानें दिला नाहीं. तो अमरकोशानें दिला. वनौषधिवर्ग मुलांकडून घोकून घ्यावयाचा म्हणजे नांवांचा ठेका तेवढा कानांत राहतो. तींच नांवें वाफ्यासमोर उभे राहून म्हटलीं तर निराळीं ऐकूं येतात. मल्लिकेच्या पर्यायांत अमरसिंह ‘शीतभीरु’ असें एक नांव देतो, थंडीला भिणारी. कुंदाला तो ‘माघ्य’ म्हणतो, माघांतला. अम्लानाला त्याचा शब्द ‘महासहा’, फार सोसणारी. आणि याच अम्लानाचे रंगभेद सांगतांना तांबडा तो कुरबक व पिवळा तो कुरंटक, म्हणजे आपली कोरांटी, असें तो लिहितो. नांव ठेवणाऱ्यानें झाड बारा महिने पाहिलें होतें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

आतां या नांवांचा व्यवहारांत अर्थ पहा. मल्लिका म्हणजे मोगरा असें सामान्यतः धरतात. मोगरा थंडींत अगदीं निपचित पडून असतो. पानें पिवळीं पडतात, वाढ थांबते, नवख्या माणसास तो मेला असें वाटतें. ऊन चढूं लागलें कीं तोच फुटतो आणि चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत बहरतो. म्हणजे उन्हाळा हा त्याचा शत्रु नव्हे, ऋतु आहे. कुंदाचें याच्या उलट. माघांत पांढरा शुभ्र होणारा हा वेल वैशाखांत फुलावा म्हणून त्याच्या मुळाशीं घागरी ओतणें हा पाण्याचा अपव्यय होय. उन्हाळ्यांत त्याला जगण्यापुरतें द्यावें आणि विसरावें. शेवंतीचेंहि तेंच. तिचीं फुलें यावयाचीं तीं पाऊस सरल्यावर. ग्रीष्मांत तिचीं मातृझाडें आडोशाच्या सावलींत नुसतीं वांचवून ठेवलीं कीं काम झालें. कोरांटीविषयीं तर कांहीं लिहावयास नको. कुंपणाच्या कडेला, जेथें पाट पोंचत नाहीं तेथें, ती आपली उभी असते.

उन्हाळ्यांत बाग जळाली असें म्हणणाऱ्या अनेक गृहस्थांच्या बागा आम्हीं पाहिल्या. त्यांतील निम्मी झाडें मुळांत हिवाळ्याचीं असतात. पिटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स हीं थंडीचीं हंगामी फुलें होळीनंतर वाळतात, तें त्यांचें आयुष्य संपलें म्हणून. मालकाच्या हयगयीनें नव्हे. त्यांच्यासाठीं फाल्गुनानंतर पाणी खर्च करणें म्हणजे मोगऱ्याच्या तोंडचें पाणी काढून घेणें होय.

झाडांची निवड कशी असावी याचा एक जुना आणि फार चांगला नमुना कामसूत्रांत आहे. भार्याधिकारिकांत गृहिणीनें वृक्षवाटिकेंत काय काय लावावें याची यादी वात्स्यायन देतो. कुब्जक, आमलक, मल्लिका, जाती, कुरंटक, नवमालिका, तगर, नंद्यावर्त, जपा. शिवाय बालक व उशीर. आणि मध्यभागीं विहीर, वापी किंवा दीर्घिका खणवावी असें सांगतो. कामसूत्राचे वाचक हें प्रकरण बहुधा ओलांडून पुढें जातात. आमच्या मतें संस्कृत वाङ्मयांतील घरगुती बागेची इतकी नेमकी व अकाव्यात्म यादी दुसरी नाहीं. जाती म्हणजे जाई, नवमालिका ही आपली नेवाळी, जपा म्हणजे जास्वंद. नंद्यावर्त हें आज आपण ज्यास तगर म्हणतों तें पांढऱ्या फुलाचें झुडूप असावें. कारण ग्रंथांतील तगर हें पुष्कळ ठिकाणीं सुगंधी मुळाचें नांव असतें, आणि येथें फुलझुडुपांच्या रांगेंत तें कां आलें हा प्रश्न टीकाकारांवर सोंपवून आम्ही पुढें जातों. यादींतील बहुतेक झुडपें बहुवर्षायु व खोल मुळांचीं आहेत, आणि त्यांपैकीं कित्येक ऐन उन्हाळ्यांत फुलतात. यांत योगायोग फारसा नाहीं.

उशीराचा उल्लेख विशेष ध्यानांत घेण्यासारखा आहे. उशीर म्हणजे वाळ्याचें मूळ, आणि ‘जलाशय’ हाच शब्द अमरकोशांत त्याचा पर्याय म्हणून आला आहे. वाळ्याचीं मुळें सरळ खालीं खोल जातात, माती धरून ठेवतात, आणि विहिरीच्या सांडपाण्याच्या चरावर तो लावला तर तें पाणी वायां जात नाहीं. आम्हीं तो मोरीच्या पाटावर लावला आहे. बांध खचत नाहीं, जवळच्या जास्वंदीला ओल मिळते, आणि दोन वर्षांनीं एखादा गड्डा उपटला तर घरच्या पडद्यापुरता वाळा निघतो.

याच निवडीला एका परक्या माणसाची साक्ष मिळते. फरगाण्याच्या थंड मुलखांतून आलेला बाबर १५२६ त हिंदुस्थानांत स्थिरावला तेव्हां त्यानें येथील तीन गोष्टींविषयीं तक्रार केली : ऊन, वारा आणि धूळ. फुलांविषयीं लिहितांना मात्र त्याचा सूर पालटतो. जास्वंद, कण्हेर, केवडा आणि चमेली यांचीं वर्णनें तो मन लावून करतो. ग्वाल्हेरच्या एका बागेंत त्याला गडद तांबडी कण्हेर दिसली, ती त्यानें आग्र्यास नेऊन आपल्या बागांत लावविली. हा मनुष्य वात्स्यायन वाचून आला नव्हता. तरी त्याची नजर ज्यांवर गेली त्यांतील जास्वंद व चमेली हीं तर वात्स्यायनाच्या यादींतलींच, आणि कण्हेर ही त्यांच्याहून काटक. या कण्हेरीविषयीं एक सावधगिरीची सूचना. तिचा एक पर्याय ‘हयमारक’ असा आहे, आणि तो अक्षरशः खरा आहे; झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे. गुरें अथवा लहान मुलें जेथें फिरतात तेथें ती लावूं नये.

आतां पाण्याकडे वळूं. वराहमिहिराचा नियम थोडक्यांत असा : लावलेल्या झाडांस उन्हाळ्यांत सकाळीं व संध्याकाळीं, थंडींत एक दिवसाआड, आणि पावसाळ्यांत जमीन सुकेल तेव्हां पाणी घालावें. अग्निपुराणांतहि हाच नियम आहे. यांत ‘लावलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा; नवीन रोपांबद्दल हें बोलणें आहे. मुरलेल्या मोगऱ्यास दोन वेळां पाणी देण्याची गरज नाहीं, पहांटे एकदां पोटभर दिलें म्हणजे पुरतें. कुंडींतल्या झाडास मात्र दोन्ही वेळां द्यावेंच लागतें. दुपारीं पाणी घालूं नये हें ग्रंथ स्पष्ट सांगत नाहींत, पण सकाळ-संध्याकाळ म्हटल्यावर तें ओघानें आलेंच.

त्याचें कारण लोक सांगतात तें नव्हे. पानावरचा थेंब भिंगासारखा होऊन पान जाळतो असा समज फार दृढ आहे. हंगेरींतील संशोधकांनीं २०१० त प्रयोग करून दाखविलें कीं गुळगुळीत पानांवर असें घडत नाहीं. लव असलेल्या पानांवर, थेंब लवेच्या टोकांवर तोललेला राहिल्यास, क्वचित् घडूं शकेल. खरें कारण साधें आहे. दुपारीं घातलेल्या पाण्यापैकीं बराच भाग मुळापर्यंत पोंचण्यापूर्वींच उडून जातो, आणि गच्चीवरच्या टांकींतून नळीनें आलेलें पाणी त्या वेळीं कढत असतें. हात धरून पहावा. जें हाताला सोसत नाहीं तें मुळाला कसें सोसेल? नळी वापरावयाची तर आधीं तींत तुंबलेलें पाणी बाहेर सोडून द्यावें.

दुपारीं पानें मान टाकतात तें पाहून घाबरून पाणी ओतणें ही उन्हाळ्यांतील सर्वांत सामान्य चूक होय. पानांतून बाष्प जितक्या वेगानें जातें तितक्या वेगानें मूळ तें पुरवूं शकत नाहीं, म्हणून झाड पानें लोंबतीं करून व पानांवरील सूक्ष्म रंध्रें मिटून घेऊन आपला बचाव करतें. जमिनींत ओल असतांहि असें होतें. सूर्य मावळल्यावर तास दोन तासांत पानें ताठ झालीं तर झाड निरोगी आहे. सकाळींहि तीं तशींच लोंबत असतील तर मात्र तहान खरी, नाहीं तर मूळ कुजलें. कोणतें, हें ठरविण्यास लांकडाची खुंटी चार-सहा बोटें मातींत खुपसून काढावी. तिला ओली माती चिकटून आली तर पाणी घालूं नये. उन्हानें मेलेलीं म्हणून उपटलेलीं कितीतरी झाडें आम्हीं मुळें कुजलेलीं पाहिलीं आहेत.

मातीचें प्रकरण पाण्याहून अधिक मोलाचें आहे, आणि येथें वराहमिहिराची थोरवी दिसते. मऊ जमीन सर्व झाडांस हितकर, ती तशी करण्यासाठीं तींत तीळ पेरावे आणि ते फुलांवर आले म्हणजे तेथेंच तुडवावे, असें तो सांगतो. आजच्या भाषेंत हें हिरवळीचें खत झालें. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीस याची जितकी गरज आहे तितकी दुसऱ्या कोणत्याहि जमिनीस नसेल. ही माती पाणी प्याली कीं फुगते व सुकली कीं आकसते. चैत्र-वैशाखांत तिला वीतभर खोल भेगा पडतात. त्या भेगांतून दोन अपाय होतात. खालची ओल वाफ होऊन बाहेर जाते, आणि माती दोहोंकडे ओढली गेल्यानें बारीक पांढरीं मुळें, ज्यांनीं झाड पाणी पितें तींच, तटातट तुटतात. वरून कितीहि पाणी ओता, तें भेगेंतून पाताळास जातें. यावर दोनच उपाय लागू पडले. मृगांत तीळ पेरून पोळ्याच्या सुमारास, फुलोरा येतांच, ते कुदळीनें मातींत मिसळले, असें ओळीनें तीन वर्षें केलेल्या वाफ्यांत भेगा केसाएवढ्या उरल्या. शेजारचा न पेरलेला वाफा त्याच दिवशीं हाताचीं बोटें आंत जातील इतका फाटला होता. तिळाच्या वचनावर यापेक्षां चांगली टीका भट्टोत्पलासहि लिहितां आली नसती.

दुसरा उपाय आच्छादनाचा. उघडी जमीन भर दुपारीं हवेपेक्षां १५–२० अंशांनीं अधिक तापते. म्हणजे हवेंत ४५ असतां मुळांच्या डोक्यावरची माती ६० च्या घरांत असते. खुरप्यानें वरची दोन बोटें माती भुसभुशीत करावी, म्हणजे भेगांचीं तोंडें बुजतात. तीवर वाळका पालापाचोळा, उंसाचें पाचट किंवा गवत चार बोटें जाड पसरावें. खोडापासून मात्र तें वीतभर दूर असावें, नाहीं तर बुंधा सडतो. आमच्याकडे वाळवीचा उपद्रव फार, म्हणून पाचोळ्यांत कडुनिंबाचा पाला मिसळणें बरें.

पाणी थोडें असेल तेथें काय करावें? याचें उत्तर बागेच्या ग्रंथांत आम्हांस तितकेंसें मिळालें नाहीं; तें धर्मशास्त्राच्या एका ग्रंथानें दिलें. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं १७९० च्या सुमारास रचलेल्या धर्मसिंधूंत वैशाखकृत्यें सांगतांना पाणपोई घालावी, देवावर गलंतिका बांधावी, अश्वत्थाच्या मुळाशीं पुष्कळ पाणी घालावें, असें विधान आहे. गलंतिका म्हणजेच महादेवाच्या पिंडीवरची आपली गळती. पुष्कळ घरीं ती वैशाखांत तुळशीवरहि टांगतात. एक घागर एकदम ओतली तर घटकाभरांत तिचा मागमूस राहत नाहीं. तीच घागर थेंबथेंब दिली तर दिवसभर तेवढीच माती ओली राहते. पुण्याचा भाग बाजूस ठेवला तरी युक्ति म्हणून ही पक्की आहे. याहून काटकसरीची रीत म्हणजे कोरें, झिरपणारें मडकें झाडापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावें व वर झांकण घालावें. सभोंवतालची माती जशी सुकेल तसें मडकें पाझरतें. ही रीत चीन देशांत फान शंगच् याच्या इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतील कृषिग्रंथांत वर्णिलेली आहे. मोगऱ्याच्या दोन झाडांत एक मडकें, तिसऱ्या दिवशीं भरावयाचें, एवढ्यावर आमचे मोगरे विहीर आटल्यावरहि फुलले. मडक्याचीं छिद्रें क्षारानें बुजतात, म्हणून दर वर्षीं नवें घ्यावें.

अंतराविषयींचा वराहमिहिराचा नियम, २० हात उत्तम, १६ मध्यम, १२ कनिष्ठ, हा मोठ्या वृक्षांचा आहे. तो फुलझुडुपांना लावूं पाहणाऱ्याची बाग ओसाड माळासारखी दिसेल व जमीन तापेल. त्यामागचें तत्त्व मात्र घ्यावें : एकमेकांस भिडलेलीं व मुळें गुंतलेलीं झाडें नीट फळत नाहींत. मोगऱ्यांत चार फूट अंतर ठेवलें तर मुळें मोकळीं राहतात आणि माथ्याची सावली जमिनीवर एकसंध पडते. घराशेजारीं प्रथम लावावयाच्या मंगल वृक्षांत त्यानें अरिष्ट, अशोक, पुन्नाग, शिरीष व प्रियंगु हे सांगितले आहेत. शिरीष पश्चिमेस लावण्याचें आम्ही सुचवितों. ऐन ग्रीष्मांत त्याला नवी पालवी व फुलें असतात, आणि त्याची विरळ सावली दुपारनंतरचें ऊन गाळून देते. झाड वाढेपर्यंत तट्ट्या किंवा निम्मी सावली देणारी हिरवी जाळी पश्चिम व नैर्ऋत्य बाजूस उभी करावी. वरून झांकण्यापेक्षां बाजूनें झांकणें अधिक गुणकारी, कारण मारतो तो वारा. कुंड्या सिमेंटच्या गच्चीवर नुसत्या ठेवूं नयेत. विटांवर ठेवाव्या, एकमेकींस खेटून ठेवाव्या. आणि लहान कुंडी मोठींत ठेवून मधल्या पोकळींत ओली वाळू भरली तर मूळ शिजत नाहीं.

रोगप्रकरणांत थंडी, वारा व ऊन यांनीं झाडांस रोग होतात असें सांगून वराहमिहिर लक्षणें देतो : पानें पांढुरकीं पडणें, पालवी न वाढणें, फांद्या वाळणें, रस गळणें. चिकित्सा अशी कीं आधीं शस्त्रानें रोगट भाग काढावा, मग वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप देऊन दूधपाणी शिंपावें. लक्षणें अचूक आहेत. चिकित्सेपैकीं वाळका भाग छाटणें योग्य. परंतु तें वाळल्यापुरतेंच. ज्येष्ठांत हिरवी फांदी छाटूं नये, कारण तिचीच सावली खोडावर असते. गुलाबाची छाटणी आश्विनांत व मोगऱ्याची पौषांत, पाणी तोडून विश्रांति दिल्यावर करावी. लेपापैकीं चिखलाचा उपयोग समजतो, कारण उघडी पडलेली साल उन्हानें तडकते. तुपाबद्दल आम्ही साशंक आहों; दुधाबद्दल आमचें मत असें कीं तें वासराला द्यावें.

उपवनविनोद व सुरपाल या दोघांचें आवडतें द्रव्य म्हणजे कुणपजल. मांस, चरबी, मज्जा वगैरे शिजवून, कुजवून केलेलें हें खत. आजकाल तणें कुजवून त्याची निर्मांस आवृत्तिहि करतात. खत म्हणून तें जोरकस आहे यांत वाद नाहीं, पण जोरकस खत सुक्या तापलेल्या मातींत मुळें जाळतें. तें माघ-फाल्गुनांत पालवी फुटतांना किंवा पाऊस पडल्यावर द्यावें. चैत्रापासून मृगापर्यंत बाटलीचें बूच काढूं नये. शेजारीहि दुवा देतील.

एवढें ग्रंथांचें. जें त्यांत नाहीं तेंहि सांगितलें पाहिजे, कारण आजची उन्हाळी बाग बरीचशी परदेशांतून आलेली आहे. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, झेंडू व निशिगंध मेक्सिकोकडचे, देवचाफा मध्य अमेरिकेचा, सदाफुली मादागास्करची, चिनी गुलाब नांवाचें जमिनीलगतचें फूल पुन्हां दक्षिण अमेरिकेचें. यांपैकीं सदाफुली व चिनी गुलाब नवतप्यांतहि तोंड पाडीत नाहींत. बोगनवेलीची तर तऱ्हाच निराळी. तिला तहान लागली म्हणजे ती फुलते, आणि भरपूर पाणी दिलें कीं नुसतीं पानें काढते. झीनिया व गोम्फ्रेना यांचें बीं माघ-फाल्गुनांत टाकलें तर वैशाखांत वाफा रिकामा राहत नाहीं.

या यादीचा पोथ्यांच्या परीक्षणासहि उपयोग आहे, आणि संग्राहकांनीं तो अवश्य करून पहावा. अमेरिकेंतील झाडें १४९२ पूर्वीं इकडे असूं शकत नाहींत. एखाद्या उपवनविषयक पोथींत झेंडू किंवा निशिगंध ओळखूं येईल अशा वर्णनानें आला, तर तेवढीं पत्रें तरी सोळाव्या शतकाच्या अलीकडचीं आहेत, पुष्पिका कांहींहि म्हणो. ‘गुलाब’ हा फारसी शब्द संस्कृत श्लोकांत घुसलेला दिसला तर तेथेंहि थांबून पहावें. उलट ज्या यादींत कुब्जक, कुरंटक, नवमालिका आहेत आणि नवें एकहि नाहीं, ती यादी जुनी असेल, अथवा जुन्यावरून उतरलेली असेल. एवढ्यावरून पोथी जुनी ठरत नाहीं.

दुसरी विनंति वाड्यांच्या दप्तरांविषयीं. कात्रजहून नानासाहेब पेशव्यांच्या काळीं पुण्यांत नळानें पाणी आणलें गेलें, हें सर्वांस ठाऊक आहे. त्या पाण्याचा किती भाग हौदांस व किती बागांस गेला, माळ्यांस उन्हाळ्यांत जादा रोजमुरा मिळे काय, भिस्ती किती लावीत, वाळ्याच्या तट्ट्यांस कोणत्या महिन्यापासून खर्च पडे, हें अशा ठिकाणच्या रोजकीर्दींतून व हिशेबी फर्दांतून निघेल. असे कागद राजकारणाचे नव्हेत म्हणून बहुधा रद्दींत जातात. ज्यांच्या संग्रहीं चैत्र, वैशाख व ज्येष्ठ या तीन महिन्यांच्या बागखर्चाच्या यादी असतील त्यांनीं तिथि, वार व आकडे जसेच्या तसे उतरून पाठवावे. झाडांचीं नांवें न बदलतां, ज्या रूपांत लिहिलीं असतील त्याच रूपांत द्यावीं, आणि कागदास वाळवी लागली असल्यास तेंहि कळवावें.